ड्राईव्ह ट्रिप झाला? आधी निदान विका, कार्ड नंतर

मोटर आणि ड्राईव्हच्या रिपेअरिंगवर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, ड्राईव्ह दुरुस्तीचं दुकान टाकायचंय, सुरुवातीला कुठले पार्ट स्टॉकला ठेवू?"

माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. सुरुवातीला पार्ट ठेवूच नका. एक चांगला मल्टीमीटर घ्या, एक ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर घ्या, ५०० व्होल्टचा मेगर घ्या आणि एक कार्बनवालं पावतीबुक छापून घ्या. या धंद्यात तुम्ही विकणार आहात ते निदान. कार्ड, मॉड्यूल, फॅन हे सगळं त्याच्या मागून येतं. ज्याने हा क्रम उलटा केला त्याचं दुकान वर्षभर जोरात चालतं आणि मग फोन यायचे बंद होतात. हे मी दुसऱ्याचं बघून सांगत नाहीये, माझंच झालंय.

बुवापाड्यातलं माझं पहिलं वर्ष

मी इंजिनियर नाही. बी.बी.ए. केलं, नोकरीत मन रमलं नाही, आणि बुवापाड्यात मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान टाकलं. जागा धंद्याची होती. आनंदनगर, मोरिवली, वडोल आणि पुढे बदलापूरची एमआयडीसी, सगळीकडे मोटरच मोटर. हळूहळू वाइंडिंगबरोबर ड्राईव्हही यायला लागले.

तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. प्लास्टिकचं काम करणाऱ्या एका छोट्या युनिटमधून फोन आला. १० एचपीच्या मिक्सरचा ड्राईव्ह ओव्हरकरंटला ट्रिप होतोय. मी गेलो, स्क्रीनवरचा कोड बघितला, ड्राईव्ह उतरवला आणि गाडीवर टाकून दुकानात आणला. टेबलावर चालवला तर व्यवस्थित चालला. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण हातात बिल दिसत होतं. "पॉवर कार्ड वीक झालंय" असं स्वतःलाच पटवलं, कार्ड बदललं, १४ हजारांचं बिल केलं.

ड्राईव्ह दोन दिवस चालला आणि परत ट्रिप झाला. त्या शेठनी मला न सांगता एका जुन्या वायरमनला बोलावलं. त्याने ड्राईव्हला हातही लावला नाही. मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडला. आत पाणी शिरलं होतं आणि एका लीडचं इन्सुलेशन ग्लँडपाशी घासून तांबं दिसत होतं. नवी स्लीव्ह, नवा लग, बॉक्सला नवीन गॅस्केट. सामान शंभर रुपयांच्या आतलं.

शेठ दुकानात आले ते भांडायला नाही. मी परत दिलेलं जुनं कार्ड त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, हे चांगलं होतं ना?" मला काही बोलता आलं नाही. पैसे परत द्यायला गेलो, त्यांनी घेतले नाहीत. परत कधी फोनही केला नाही. त्यांचे १४ हजार गेले, मशीन बंद राहिलं त्या दिवसांचा माल गेला, आणि रोजंदारीवरच्या पोरांचा रोज बुडाला तो वेगळाच. त्या पोरांचा माझ्याशी काही संबंध नव्हता.

मी चोरी केली नव्हती, पण निदानही केलं नव्हतं. गिऱ्हाईकाच्या बाजूने बघितलं तर दोन्हीत फरक काय?

कोड म्हणजे तक्रार, कारण नाही

ड्राईव्ह आतून काय करतो ते आधी समजून घ्या. येणारा एसी करंट रेक्टिफायरमधून डीसी होतो. तो डीसी कपॅसिटरमध्ये साठतो. मग आयजीबीटी नावाचे स्विच तो डीसी बारीक तुकड्यांत कापून मोटरला हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा करंट देतात. ४१५ व्होल्ट सप्लायवर आतला डीसी साधारण ५८७ व्होल्ट असतो, कारण ४१५ गुणिले १.४१४. हा आकडा पाठ करा. अर्धं निदान त्यावर चालतं.

ड्राईव्हला बाहेरचं जग दिसत नाही. त्याला फक्त आपला करंट, आपला डीसी व्होल्टेज आणि आपलं तापमान कळतं. त्यामुळे "ओव्हरकरंट" म्हणजे "माझ्यातून जास्त करंट गेला" एवढंच. तो मोटरमुळे गेला, केबलमुळे गेला, जाम झालेल्या गिअरबॉक्समुळे गेला की स्वतःच्या फुटलेल्या आयजीबीटीमुळे, हे तो सांगत नाही. ते शोधण्याचेच पैसे आपण घ्यायचे.

आणि कोड पाठ करून जाऊ नका. एबीबीच्या एसीएस ५५० वर ३ नंबरचा फॉल्ट म्हणजे ड्राईव्ह तापला. सीमेन्सच्या मायक्रोमास्टर ४४० वर एफ०००३ म्हणजे व्होल्टेज कमी पडला. आकडा तोच, पण एकात तुम्ही फॅन तपासणार आणि दुसऱ्यात सप्लाय. मोबाईलमध्ये प्रत्येक मॉडेलचं मॅन्युअल ठेवा. गिऱ्हाईकासमोर मॅन्युअल उघडायला लाजू नका. मी आजही उघडतो.

चार तक्रारी, आणि बघायचं कुठे

ओव्हरकरंट. आधी विचारा, ट्रिप कधी होतो? सुरू होताना, चालताना की थांबताना? सुरू होताना होत असेल तर स्पीड वाढवायचा वेळ फार कमी ठेवलाय का, टॉर्क बूस्ट कुणी वाढवलाय का, लोड हाताने फिरतो का, हे बघा. मग सप्लाय बंद करून ड्राईव्हची यू, व्ही, डब्ल्यू टोकं सोडवा आणि मोटर न लावता ड्राईव्ह चालवून बघा. तरीही ओव्हरकरंट आला तर संशय ड्राईव्हवर. नाही आला तर गडबड बाहेर, म्हणजे केबल, मोटर किंवा लोड. काही मॉडेल मोटर नसेल तर आउटपुट फेजचा फॉल्ट देतात, त्याने गोंधळू नका. माझ्या पहिल्या केसमध्ये ड्राईव्ह टेबलावर नीट चालला तेव्हा तो मला हेच सांगत होता.

आपल्याकडची एक खास भानगड इथेच सांगतो. जुना स्टार-डेल्टा स्टार्टर काढून ड्राईव्ह बसवतात, पण मोटरच्या बाजूला लावलेला पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर तसाच राहतो. ड्राईव्हच्या आउटपुटला कपॅसिटर चालत नाही. नवा कोरा ड्राईव्ह ट्रिप होतो आणि डीलरला शिव्या बसतात.

ओव्हरव्होल्टेज. हा बहुतेक वेळा थांबताना येतो. जड पंखा किंवा सेंट्रिफ्यूज जोरात फिरतोय आणि तुम्ही त्याला ३ सेकंदांत थांबायला सांगताय. मोटर तेव्हा जनरेटर होते आणि वीज उलटी ड्राईव्हमध्ये ढकलते. डीसी ८०० च्या आसपास चढला की ड्राईव्ह हात वर करतो. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. उपाय म्हणजे थांबायचा वेळ वाढवा, आणि वेळ वाढवून उत्पादनाला चालत नसेल तर ब्रेक रेझिस्टर बसवा. कार्डाचा इथे बहुतेक वेळा संबंधच नसतो.

अंडरव्होल्टेज आणि फेज गेल्याची तक्रार. आर, एस, टी वर तिन्ही जोड्यांचा व्होल्टेज मोजा, आणि तो लोडवर मोजा. बंद मशीनवर ४१५ दिसतो आणि लोड आला की एक फेज खाली बसतो. ढिला लग, जळका काँटॅक्टर, अर्धवट गेलेला फ्यूज. बाजूच्या गाळ्यात मोठी मोटर थेट लाईनवर सुरू होते तेव्हाच आपला ड्राईव्ह ट्रिप होतो का, हेही विचारा. ऑपरेटरला माहीत असतं, त्याला कुणी विचारत नाही.

ओव्हरहीट आणि ओव्हरलोड. हे दोन वेगळे आहेत, लोक एकत्र करतात. ओव्हरहीट म्हणजे ड्राईव्ह तापला. त्याचा फॅन, हीटसिंकमधली धूळ, पॅनेलचा फिल्टर बघा. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत कापडाची बारीक लव बसून फॅन अडकतो, केमिकलवाल्यांकडे वाफेने कार्डाचे पाय हिरवे पडतात. बरेचसे ड्राईव्ह ४० अंशांपर्यंतच पूर्ण करंट देतात. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात बंद पॅनेलच्या आत किती होत असेल? ओव्हरलोड म्हणजे मोटरचा करंट बराच वेळ जास्त राहिला. बेअरिंग, फार ताणलेला बेल्ट, पंपात अडकलेला कचरा, किंवा नेमप्लेटचा ॲम्पिअर ड्राईव्हमध्ये चुकीचा भरलेला. आणि १५ हर्ट्झवर तासन्‌तास चालणारी मोटर तापली तर मोटरला दोष देऊ नका. तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर आहे. ती हळू फिरली की पंखाही हळू फिरतो.

घरगुती उद्योगवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. सिंगल फेजवर चालणाऱ्या छोट्या ड्राईव्हमधून मोटरला थ्री फेज मिळतो, पण २३० व्होल्टचा. १ एचपीची मोटर बहुतेक वेळा ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेली असते. तशीच लावली तर जोर मिळत नाही आणि ड्राईव्ह ओव्हरलोड दाखवतो. सहाही टोकं बाहेर असतील आणि नेमप्लेटवर २३० व्होल्टला डेल्टा लिहिलं असेल तर डेल्टा करा, काम संपलं. मसाल्याच्या नाहीतर पिठाच्या छोट्या मशीनवर दुसरा ड्राईव्ह विकत घेण्याआधी हे बघा.

हात लावायच्या आधी

हे मी प्रत्येक बॅचला पहिल्या तासात सांगतो. मेन स्विच बंद केला म्हणून ड्राईव्ह मेला असं होत नाही. कपॅसिटरमध्ये ५०० च्या वर व्होल्ट उरलेले असतात. ड्राईव्हवर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं, ५ असेल, १० असेल, मोठ्यांना त्याहून जास्त. तेवढं थांबा आणि मग डीसीच्या प्लस-मायनसवर मीटर लावून व्होल्टेज शून्यावर आलाय हे डोळ्यांनी बघा. नुसतं घड्याळ पुरत नाही.

मेगर लावताना मोटरची टोकं ड्राईव्हपासून सोडवलीच पाहिजेत. ड्राईव्ह जोडलेला ठेवून ५०० व्होल्टचा मेगर फिरवला की चांगला ड्राईव्ह तुमच्या हाताने मरतो. आधी केबलसकट मोजा, रीडिंग खराब आलं तर मोटरपाशी केबल सोडून दोन्ही वेगवेगळे मोजा. १ मेगाओमच्या खाली असेल तर चालवू नका. कोरड्या, धडधाकट मोटरचं रीडिंग त्याच्या कितीतरी पट असतं. हेच पाच मिनिटांचं काम मी केलं असतं तर तो शेठ आज माझा गिऱ्हाईक असता.

ओव्हरकरंटला परत परत रीसेट मारू नका, ऑपरेटरलाही मारू देऊ नका. बाहेर शॉर्ट असेल तर प्रत्येक रीसेटला आयजीबीटी मार खातो, आणि मग खरंच मोठं बिल होतं. पॅनेलमधली जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. तुमच्याकडे परवाना नसेल तर असा माणूस भागीदार घ्या.

२६ आणि २७ जुलै २०१९ चा पाऊस आठवतो ना? बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. पाणी शिरलेल्या पॅनेलपुढे उभं राहून "जरा चालू होतोय का बघू" म्हणणं सगळ्यात महागात पडतं. भिजलेला ड्राईव्ह नुसता वरून पुसून चालू करायचा नाही. उघडायचा, चिखल धुवायचा, पूर्ण सुकवायचा, तपासायचा, मगच सप्लाय. कधी कधी "हा गेला, यावर पैसे घालू नका" हेच खरं निदान असतं, आणि त्याचेही पैसे होतात.

"नुसतं बघायचे कसले पैसे?"

आता धंद्याचं बोलू. तुम्ही म्हणाल, सर, आपल्याकडे निदानाचे पैसे कोण देतं? गिऱ्हाईक म्हणतो, बघून सांग, काम निघालं तर देतो.

हे खरं आहे, आणि म्हणूनच ही सवय आपण लावायची आहे. फोनवरच सांगा. "दादा, येऊन तपासायचे इतके. काय सापडलं ते लिहून देतो. पुढचं काम करायचं की नाही, माझ्याकडून करायचं की दुसरीकडून, ते तुम्ही ठरवा." दहा जणांना सांगितलंत तर काही जण फोन ठेवतील. ठेवू द्या.

बरेच जण व्हिजिटचे पैसे दुरुस्तीच्या बिलात वळते करतात. माझं मत याच्या विरुद्ध आहे. समजा व्हिजिटचे ७०० रुपये आहेत. दुरुस्ती निघाली तर ते माफ, असं म्हटलं की गिऱ्हाईकालाही दुरुस्ती निघावीशी वाटते आणि तुम्हालाही. मग स्लीव्ह फाटली होती असं सांगायला जीभ जड होते, कारण त्यात सुटतं काय? ७०० वेगळेच घ्या. म्हणजे "ड्राईव्ह चांगला आहे, फक्त ग्लँड बदला" असं सांगताना तुमचं नुकसान होत नाही. दर असा ठेवा की खरं बोलणं परवडलं पाहिजे.

ज्याला व्हिजिट परवडत नाही, तो छोटा गिरणीवाला, त्याने ड्राईव्ह दुकानात आणावा. टेबलावर तपासायचे कमी घ्या. पण फुकट नाही. आणि त्याला आधीच सांगा की इथे फक्त ड्राईव्ह कळेल, मोटर आणि केबल तुझ्या जागेवरच राहिली.

आणि ती चिठ्ठी. तारीख, मॉडेल, कोड, ट्रिप कधी होतो, आर-एस-टी चे व्होल्टेज, डीसी व्होल्टेज, तिन्ही फेजचे ॲम्पिअर, नेमप्लेटचे ॲम्पिअर, मेगरचं रीडिंग, आणि खाली दोन ओळींत मत. एक प्रत गिऱ्हाईकाला, एक तुमच्याकडे. ड्राईव्ह बदलायचाच असेल तर जुन्याचे पॅरामीटर आधी उतरवून घ्या, तेही याच कागदाला जोडा. सहा महिन्यांनी तोच ड्राईव्ह परत ट्रिप झाला की तुमच्याकडे मागचे आकडे असतात. बाजारात दुसऱ्या कुणाकडे ते नसतात.

खोटं सांगत नाही, या पद्धतीने पहिल्या वर्षी पैसे कमी मिळतात. कार्डात मार्जिन आहे, चिठ्ठीत नाही. माझ्या दुकानाचं भाडं दोनदा थकलं. पण ज्याला तुम्ही एकदा "नवीन घेऊ नका, हा चांगला आहे" म्हणालात, तो पुढच्या वेळी नवीन घ्यायचा असेल तेव्हा तुम्हालाच विचारतो. आज माझ्या धंद्याचा मोठा भाग वार्षिक देखभालीचा आहे. एमआयडीसी बंद असते त्या शुक्रवारी आम्ही जातो, लग आवळतो, फिल्टर झाडतो, टर्मिनल बॉक्सचे गॅस्केट बघतो, रीडिंग लिहितो. मे महिन्यात एक फेरी जास्तीची, पावसाच्या आधीची.

या आठवड्याचं काम

ज्यांना या धंद्यात यायचंय त्यांनी एवढं करा. ओळखीतल्या एका कारखान्यात जा आणि चालू असलेल्या, काहीही तक्रार नसलेल्या एका ड्राईव्हची चिठ्ठी भरा. आत हात घालायचा नाही. स्क्रीनवरचे आकडे आणि नेमप्लेट वाचायची, ॲम्पिअर क्लॅम्प मीटरने बाहेरून, आणि तेही तिथल्या वायरमनला सोबत घेऊन. धडधाकट मशीन कसं दिसतं हे माहीत नसेल तर आजारी मशीन ओळखणार कसं?

माझ्या काउंटरच्या खणात ते जुनं पॉवर कार्ड अजून आहे. नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात देतो आणि सांगतो, यात काय बिघडलंय शोध. तो दिवसभर मीटर लावून बसतो आणि संध्याकाळी घाबरत घाबरत म्हणतो, "सर, मला तर यात काहीच सापडत नाहीये." मग मी त्याला कामावर ठेवतो.